अमेरिकी दुपारच्या मालिकांतील विनोदी पात्रे

अमेरिकेच्या नभोवाणीवर आणि नंतर दूरचित्रवाणीवर सोमवार ते शुक्रवार दिवसा प्रसारित होणाऱ्या कौटुंबिक मालिकांना 'सोप ऑपेरा' असे म्हणतात. विवाहबाह्य संबंध, स्मृतिभ्रंश, वारसाहक्काचे तंटे आणि आकस्मिक मृत्यू यांसाठी या मालिका प्रसिद्ध असल्या, तरी विनोद हा त्यांचा आरंभापासूनचा घटक आहे. चोंबड्या शेजारणी, तोतये प्राध्यापक, नक्कल करून धंदा करणारे व्यापारी, भांडखोर श्रीमंत कुटुंबे आणि चेटकिणी अशी अनेक विनोदी पात्रे या मालिकांतून लोकप्रिय झाली. एकच पात्र एकच नट वीस-तीस वर्षे साकारतो, हे या विनोदाचे वेगळेपण होय. त्यामुळे आरंभी केवळ हशा पिकविण्यासाठी आलेले पात्र काळाच्या ओघात पूर्ण माणूस बनते आणि त्याचे दुःखही प्रेक्षकांना आपले वाटू लागते.

== नाव आणि स्वरूप ==

१९३० च्या दशकात नभोवाणीवरील या मालिकांचे प्रायोजकत्व प्रामुख्याने साबण आणि धुलाईची भुकटी तयार करणाऱ्या कंपन्यांकडे होते. दुपारी घरी असणाऱ्या गृहिणी हा त्यांचा ग्राहकवर्ग होता. यावरून 'सोप' म्हणजे साबण हा शब्द या प्रकाराला चिकटला. त्यापुढील 'ऑपेरा' हा शब्द उपहासाने जोडलेला आहे: घरगुती रडगाण्याला भव्य संगीतिकेचे नाव देण्यातील विसंगती त्यात अभिप्रेत आहे. म्हणजेच या प्रकाराचे नावच मुळात एक थट्टा आहे.

दैनंदिन मालिकेचे वर्षाला साधारण अडीचशे भाग होतात. सुरुवातीला भाग पंधरा मिनिटांचा असे. १९५६ मध्ये 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' आणि 'द एज ऑफ नाइट' या मालिकांनी दूरचित्रवाणीवर अर्ध्या तासाचा भाग रूढ केला. १९७५ मध्ये 'अनदर वर्ल्ड' ही मालिका एक तासाची झाली आणि इतरांनी तिचे अनुकरण केले. भागाची लांबी वाढली तशी उपकथानकांची गरज वाढली. विनोदी पात्रांना मिळालेल्या वाढत्या वावाचे हे एक प्रमुख कारण आहे.

== इतिहास ==

=== नभोवाणीचा काळ ===

अमेरिकेत एकाच वेळी अनेक केंद्रांवरून दिवसा प्रसारित झालेली पहिली मालिका विनोदी होती. 'क्लारा, लू अँड एम' ही मालिका १९३० मध्ये शिकागो येथील एका केंद्रावर सुरू झाली आणि १५ फेब्रुवारी १९३२ पासून एनबीसीच्या ब्लू नेटवर्कवर दिवसा ऐकू येऊ लागली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील तीन मैत्रिणींनी (लुईस स्टार्की, इसाबेल कॅरोदर्स आणि हेलन किंग) ती रचली व स्वतःच सादर केली. तीन सामान्य गृहिणींच्या गप्पा, शेजाऱ्यांविषयीची कुजबुज आणि जगातील मोठ्या घडामोडींवर त्यांनी दिलेले घरगुती निवाडे, एवढेच तिचे कथानक होते. गप्पिष्ट शेजारीण हे पुढील सर्व मालिकांत आढळणारे पात्र येथेच आकाराला आले.

पॉल ऱ्हायमर यांनी लिहिलेली 'व्हिक अँड सेड' (१९३२ ते १९४४) ही मालिका रडक्या मालिकांच्या गर्दीतच प्रसारित होत असे. मात्र तिचे भाग क्रमशः नसत. व्हिक, त्याची पत्नी सेड, त्यांचा दत्तक मुलगा रश आणि आपल्याच तंद्रीत बोलणारे अंकल फ्लेचर ही तिची पात्रे. गावातील कितीतरी विक्षिप्त माणसे श्रोत्यांना कधीही प्रत्यक्ष ऐकू आली नाहीत. त्यांच्याविषयीच्या बोलण्यातूनच ती जिवंत झाली.

फ्रँक आणि ॲन हमर्ट यांच्या निर्मितिसंस्थेची 'लोरेन्झो जोन्स' (१९३७ ते १९५५) ही मालिका मोटार दुरुस्तीच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका हौशी संशोधकाची होती. कडक, मध्यम आणि फिका असा तीन प्रकारचा चहा देणारी तीन तोटींची किटली हा त्याच्या शोधांचा प्रसिद्ध नमुना. १९५२ मध्ये मालिकेने विनोद सोडून गंभीर वळण घेतले. लोरेन्झोला स्मृतिभ्रंश झाला आणि तो पत्नी बेल हिला विसरला. श्रोते टिकविण्यासाठी विनोदी मालिकेचे रूपांतर करुण मालिकेत करण्याचे हे आरंभीचे उदाहरण आहे.

=== दूरचित्रवाणीचा काळ ===

१९५० च्या दशकात मालिका दूरचित्रवाणीवर आल्या, तेव्हा त्यांचा सूर गंभीर होता. प्रसारण थेट असे आणि नेपथ्य मोजकेच. हार्डिंग लेमे हे 'अनदर वर्ल्ड'चे मुख्य लेखक असताना (१९७० चे दशक) संवादांत नाटकी खटका आणि तिरकसपणा आला. ॲग्नेस निक्सन यांनी ५ जानेवारी १९७० रोजी सुरू केलेल्या 'ऑल माय चिल्ड्रन' या मालिकेत सामाजिक प्रश्न आणि प्रहसन एकाच भागात नांदू लागले. १९७८ नंतर ग्लोरिया मॉन्टी यांच्या निर्मितिकाळात 'जनरल हॉस्पिटल'ने गती वाढविली व तरुण प्रेक्षक जोडला. १९८१ मध्ये या मालिकेतील खलनायक हवामान बदलणाऱ्या यंत्राने जग गोठवू पाहतो. अशा कथानकानंतर दुपारच्या मालिकांतील वास्तवाची चौकट बरीच सैल झाली आणि विनोदालाही मोकळीक मिळाली.

== कथानकातील कार्य ==

विनोदी पात्रे मालिकेत पुढील कामे पार पाडतात.

'''बातमी पोहोचविणे.''' रोजची मालिका प्रत्येक प्रेक्षक रोज पाहू शकत नाही. गेल्या आठवड्यात काय घडले हे सांगण्यासाठी चोंबडे पात्र सोयीचे ठरते. 'जनरल हॉस्पिटल'मधील परिचारिका एमी व्हायनिंग (शेल केप्लर) ही अशा पात्राचा नमुना होय. तिच्या चहाड्या ऐकून हसता हसता प्रेक्षकाला मागील कथानक कळत असे.

'''ताण हलका करणे.''' मृत्युशय्येच्या प्रसंगाला लागून फजितीचा प्रसंग ठेवल्याने दोन्हींचा परिणाम वाढतो.

'''सत्य बोलणे.''' नायक-नायिकेच्या तोंडी न शोभणारे परखड मत विनोदी पात्र सहज मांडते. संस्कृत नाटकातील विदूषक राजाचा सखा असतो आणि त्याला टोमणेही मारतो. दुपारच्या मालिकांतील विनोदी मित्र हे काम त्याच्याप्रमाणेच करतात.

'''वर्गभेद दाखविणे.''' बहुतेक मालिका श्रीमंत घराण्यांभोवती फिरतात. मोलकरीण, केशभूषाकार किंवा जत्रेतून आलेली बाई त्या घराण्यांचा पोकळ डौल उघडा पाडते. मात्र गरीब व अल्पशिक्षित स्त्रियांनाच हास्यास्पद ठरविले जाण्याचा धोकाही याच योजनेत असतो.

== उल्लेखनीय पात्रे ==

=== ऑल माय चिल्ड्रन ===

फिबी टायलर वॉलिंगफर्ड ही पाइन व्हॅली या काल्पनिक गावातील कुलाभिमानी, मद्यप्रिय आणि दुसऱ्यांच्या संसारात नाक खुपसणारी स्त्री. 'सिटिझन केन' (१९४१) या चित्रपटात केनच्या पहिल्या पत्नीचे काम केलेल्या रूथ वॉरिक यांनी ही भूमिका आरंभापासून केली. प्रतिष्ठेसाठी जीव टाकणाऱ्या फिबीचे लग्न लँग्ली वॉलिंगफर्ड (लुई एडमंड्स) या विद्वान प्राध्यापकाशी होते. तो प्रत्यक्षात जत्रेत वाढलेला लेनी व्लासुक नावाचा भामटा असतो. त्याच जत्रेच्या जगातून आलेल्या मर्टल फार्गेटची भूमिका आयलीन हर्ली यांनी केली. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या 'हॅम्लेट' (१९४८) या चित्रपटात राणी गर्ट्रूड झालेली हीच अभिनेत्री होय.

ओपल गार्डनर हे पात्र भडक कपडे, मोठा आवाज आणि लेकीच्या सौंदर्यावर पैसा मिळविण्याची हाव घेऊन आले. डोरोथी लायमन यांच्या अभिनयामुळे ते अल्पावधीत गाजले. १९८९ पासून जिल लार्सन यांनी ही भूमिका केली. भविष्य सांगणारी, धनाढ्य पामर कोर्टलँडशी संसार करणारी आणि अखेरीस गावाची आजी झालेली ओपल ही विनोदी पात्राच्या दीर्घ वाढीचे ठळक उदाहरण आहे. आरंभी प्रेक्षक तिला हसत. पुढे फिबीसारख्यांच्या तोऱ्याला ती जे उत्तर देई, त्याला ते हसू लागले.

मालिकेची नायिका एरिका केन (सुझन लुची) हीदेखील अनेकदा विनोदाचे केंद्र ठरली. जंगलात समोर आलेल्या अस्वलाला ती स्वतःचे नाव सांगून खडसावते आणि अस्वल माघार घेते, हा १९८० च्या दशकातील प्रसंग विशेष प्रसिद्ध आहे. प्राणघातक संकटातही या स्त्रीचा अहंकार ढळत नाही, यावर त्यातील विनोद उभा आहे.

=== जनरल हॉस्पिटल ===

पोर्ट चार्ल्स येथील क्वॉर्टरमेन कुटुंब हे सामूहिक विनोदाचे उदाहरण मानले जाते. हट्टी एडवर्ड, त्याची सौम्य पण सर्वांना धाकात ठेवणारी पत्नी लायला (ॲना ली), एकमेकांशी सतत भांडणारे ॲलन आणि मोनिका (स्टुअर्ट डेमन व लेस्ली चार्ल्सन) आणि जिभेला धार असलेली कन्या ट्रेसी (जेन एलियट) ही त्यातील मुख्य पात्रे. १९८० मधील एका प्रसंगात हृदयविकाराचा झटका आलेल्या एडवर्डला ट्रेसी मृत्युपत्रासाठी औषध देत नाही. तिची परीक्षा पाहणारा म्हातारा मग ठणठणीत उठून उभा राहतो. प्रसंग क्रूर असूनही त्याची रचना प्रहसनाची आहे.

थँक्सगिव्हिंग या सणाची या कुटुंबाची मेजवानी दरवर्षी काही ना काही कारणाने वाया जाते. टर्की जळते, पडते किंवा भांडणात नाहीशी होते. शेवटी सगळे एकत्र स्तोत्र गातात आणि मागविलेला पिझ्झा खातात. फजिती होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते. यंदा ती कशी होणार एवढेच कुतूहल उरते. पुनरावृत्तीतून विनोद साधण्याचे हे तंत्र दैनंदिन मालिकेच्या दीर्घायुष्यामुळेच शक्य होते.

ल्यूसी को (लिन हेरिंग) १९८६ मध्ये साध्याभोळ्या ग्रंथपाल स्त्रीच्या रूपात आली आणि लवकरच महत्त्वाकांक्षी, उचापती करणारी मोहिनी ठरली. ॲलनशी होणाऱ्या लग्नात ती लाल पोशाख घालून येते, हा १९९० मधील प्रसंग प्रसिद्ध आहे.

=== डेज ऑफ अवर लाइव्ह्‌ज ===

चित्रविचित्र पोशाख करणारी कॅलिओपी जोन्स (आर्लीन सॉर्किन) आणि नवनवे शोध लावणारा यूजीन ब्रॅडफर्ड (जॉन डी लॅन्सी) ही १९८० च्या दशकातील विनोदी जोडी होती. डी लॅन्सी पुढे 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'मधील 'क्यू' या भूमिकेमुळे जगभर ओळखले गेले.

१९९० च्या दशकात मुख्य लेखक जेम्स रायली यांनी सुझन बँक्स हे पात्र आणले. एल्विस प्रेस्लीची भक्त असलेली, पुढे आलेल्या दातांची, भाबडी सुझन ही खलनायिका क्रिस्टनसारखीच दिसते. दोन्ही भूमिका आयलीन डेव्हिडसन यांनी केल्या. पुढे सुझनची भावंडे म्हणून जोगीण मेरी मॉयरा, भाऊ टॉमस आणि पेनेलोपी आली. ती पात्रेही त्यांनीच साकारल्याने एकाच अभिनेत्रीच्या वाट्याला पाच भूमिका आल्या. जुळ्यांचे कथानक हा या मालिकांचा झिजलेला संकेत. येथे तोच ताणून त्याची थट्टा केली आहे.

=== अनदर वर्ल्ड ===

प्रेमकादंबऱ्या लिहिणारी आणि स्वतःही कादंबरीतल्यासारखीच वागणारी फेलिशिया गॅलंट (लिंडा डॅनो), गोड बोलणारा वकील कॅस विन्थ्रॉप (स्टीफन श्नेत्झर) आणि त्यांचा मित्र वॉलिंगफर्ड (ब्रेंट कॉलिन्स) हे त्रिकूट १९८० च्या दशकात लोकप्रिय होते. गुंडांपासून लपण्यासाठी कॅस 'क्रिस्टल लेक' या नावाने स्त्रीवेषात वावरतो, हे त्यांतील गाजलेले उपकथानक होय.

=== सांता बार्बरा ===

ब्रिजेट आणि जेरोम डॉब्सन यांनी निर्माण केलेल्या या मालिकेचा (१९८४ ते १९९३) विनोद काळा आणि तिरकस होता. मद्यपी, सुसंस्कृत आणि जहाल जिभेचा मेसन कॅपवेल (लेन डेव्हिस), ऑगस्टा लॉक्रिज (लुईस सोरेल) आणि सतत नवा डाव रचणारी जीना (रॉबिन मॅटसन) ही त्याची मुख्य पात्रे. १९८६ मध्ये मेरी या सोज्ज्वळ नायिकेचा मृत्यू हॉटेलच्या छतावरील 'सी' हे भव्य अक्षर अंगावर पडून होतो. अनेकांना हा प्रसंग करुण वाटण्याऐवजी हास्यास्पद वाटला. शोक आणि विनोद यांच्यातील सीमा सांभाळणे किती कठीण आहे, हे त्यातून दिसते.

=== द बोल्ड अँड द ब्यूटिफुल ===

लॉस एंजेलिसमधील श्रीमंत फॉरेस्टर घराण्याच्या फॅशनची नक्कल करून स्वस्त कपडे विकणारी सॅली स्पेक्ट्रा ही भूमिका डार्लीन कॉन्ली यांनी २००७ मधील आपल्या निधनापर्यंत केली. लाल केस, गडगडाटी हसू आणि डार्ला व सॉल यांसारखे निष्ठावान सहकारी यांमुळे तिचे दुकान मालिकेतील सर्वांत जिवंत ठिकाण ठरले. ती चोरी करते, पण आपल्या माणसांना पोसते. त्यामुळे प्रेक्षकांची सहानुभूती तिच्याकडेच राहते.

=== पॅशन्स ===

रायली यांनीच ५ जुलै १९९९ रोजी सुरू केलेल्या या मालिकेत टॅबिथा लेनॉक्स (ज्युलिएट मिल्स) ही तीनशे वर्षांची चेटकीण आणि तिने सजीव केलेला बाहुला टिमी (जॉश रायन इव्हान्स) ही जोडी मुख्य आकर्षण होती. गावातील प्रेमप्रकरणांवर दोघे घरात बसून शेरे मारत. म्हणजे प्रेक्षक जे काम आपल्या घरी करीत होते, तेच ही पात्रे पडद्यावर करीत. टिमी स्वतःचा उल्लेख 'टिमी' असाच करी, आणि माणूस होण्याची त्याची इच्छा विनोदाखाली सतत जाणवत असे.

== विनोद आणि शोक ==

हसविणाऱ्या पात्रावर आलेले दुःख प्रेक्षकांना अधिक लागते, याची दोन उदाहरणे विशेष नोंदली जातात.

'जनरल हॉस्पिटल'मध्ये १९९४ पासून 'नर्सेस बॉल' हा वार्षिक गीत-नृत्याचा कार्यक्रम दाखविला जाऊ लागला. त्याची यजमान ल्यूसी को हिच्या अंगावरचा पोशाख दरवर्षी ऐन रंगमंचावर या ना त्या कारणाने उतरतो, हा त्यातील ठरलेला विनोद. कार्यक्रमाचा हेतू मात्र एड्सविषयी जागृती करण्याचा होता. १९९५ मध्ये स्टोन केट्स या तरुण पात्राचा एड्सने मृत्यू झाला आणि त्याची प्रेयसी रॉबिन ही एचआयव्हीबाधित असल्याचे दाखविले गेले. त्यानंतर याच हास्यकार्यक्रमाला स्मृतिसभेचा अर्थ प्राप्त झाला. ज्या आजाराविषयी घरात बोलणे टाळले जाई, तो विषय दुपारच्या प्रेक्षकांपर्यंत नेण्यात या हलक्याफुलक्या चौकटीचा उपयोग झाला.

दुसरे उदाहरण टिमीचे. कथानकात टिमी मृत्यूपूर्वी आपले हृदय चॅरिटी या तरुणीला देतो. हा भाग ५ ऑगस्ट २००२ रोजी प्रसारित झाला. त्याच दिवशी ही भूमिका करणाऱ्या जॉश रायन इव्हान्स यांचे वयाच्या विसाव्या वर्षी निधन झाले. जन्मजात खुजेपणामुळे सुमारे सव्वातीन फूट उंची असलेल्या या नटाने विनोदी बाहुल्याला दिलेली प्रतिष्ठा त्यानंतर अधिक स्मरणात राहिली.

== अनपेक्षित विनोद ==

काही प्रसंग लेखकाचा हेतू नसतानाही विनोदी ठरतात. मेलेली पात्रे परत येणे, लहान मूल काही महिन्यांत तरुण होणे आणि एका भूमिकेत अचानक दुसरा नट दिसणे हे या मालिकांचे परिचित संकेत आहेत. 'वन लाइफ टू लिव्ह'मधील क्लिंट ब्युकॅनन १९८८ मध्ये शंभर वर्षे मागे, १८८८ सालात जातो. 'गायडिंग लाइट'मध्ये १९९८ साली रीव्हा या नायिकेची प्रयोगशाळेत हुबेहूब प्रतिकृती तयार होते. अशा कथानकांना काही प्रेक्षक हसले, तर काहींनी ती मालिकेच्या विश्वासार्हतेला बाधक मानली. नियमित प्रेक्षक मात्र अनेकदा अशा प्रसंगांना हसत हसतच मालिकेशी निष्ठावान राहतो.

== विडंबन आणि प्रभाव ==

'द कॅरोल बर्नेट शो'मधील 'ॲज द स्टमक टर्न्स' हे प्रहसन दुपारच्या मालिकांचे प्रसिद्ध विडंबन आहे. बर्नेट स्वतः 'ऑल माय चिल्ड्रन'च्या चाहत्या होत्या आणि १९८३ मध्ये लँग्लीची मुलगी व्हर्ला ग्रब्ज म्हणून त्या मालिकेत आल्या. 'मेरी हार्टमन, मेरी हार्टमन' (१९७६-७७) आणि 'सोप' (१९७७ ते १९८१) या मालिका, तसेच 'टूट्सी' (१९८२) आणि 'सोपडिश' (१९९१) हे चित्रपट याच परंपरेतील होत. 'फ्रेंड्स' या मालिकेतील जोई हा नट 'डेज ऑफ अवर लाइव्ह्‌ज'मध्ये डॉ. ड्रेक रॅमोरे ही भूमिका करताना दाखविला आहे.

एका स्वप्नदृश्यात आर्लीन सॉर्किन यांनी विदूषकाचा वेष केला होता. ते पाहून त्यांचे महाविद्यालयीन मित्र पॉल डिनी यांना हार्ली क्विन हे पात्र सुचले. ते १९९२ मध्ये 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज'मध्ये प्रथम आले आणि त्याला आवाजही सॉर्किन यांनीच दिला.

== पुरस्कार ==

रात्रीच्या कार्यक्रमांसाठीच्या एमी पुरस्कारांत विनोदी आणि गंभीर मालिका वेगळ्या धरल्या जातात. दिवसाच्या मालिकांसाठीच्या डेटाइम एमी पुरस्कारांत मात्र विनोदी भूमिकांना गंभीर भूमिकांशीच स्पर्धा करावी लागते. तरीही डोरोथी लायमन यांना ओपलसाठी १९८२ मध्ये साहाय्यक आणि १९८३ मध्ये प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. लिंडा डॅनो यांना १९९३ मध्ये प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. 'सांता बार्बरा' १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन वर्षे सर्वोत्कृष्ट मालिका ठरली.

== भारतातील प्रसारण ==

१९९० च्या दशकाच्या आरंभी उपग्रह वाहिन्या आल्यावर स्टार प्लस वाहिनीवरून 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' भारतात दिसू लागल्या. महाराष्ट्रातील केबल जोडणी असलेल्या घरांना अमेरिकी दुपारच्या मालिकेचा परिचय प्रामुख्याने या दोन मालिकांमुळे झाला. त्यानंतर दूरदर्शनवर 'शांती' (१९९४) आणि 'स्वाभिमान' (१९९५) या हिंदी मालिका व पुढे मराठीत 'दामिनी' ही मालिका दुपारी प्रसारित झाली.

== जतन आणि सद्यस्थिती ==

आरंभीच्या विनोदी पात्रांचा अभ्यास करण्यात मोठी अडचण मुद्रणांच्या अभावाची आहे. 'व्हिक अँड सेड'ची बहुतांश ध्वनिमुद्रणे उरलेली नाहीत. दूरचित्रवाणीवरील कितीतरी भाग थेट प्रसारित झाले. १९७० च्या दशकापर्यंत खर्च वाचविण्यासाठी फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे फिबी टायलरच्या सुरुवातीच्या वर्षांसारखा मोठा भाग मुख्यतः संहिता, छायाचित्रे आणि प्रेक्षकांच्या आठवणी यांतूनच जाणून घ्यावा लागतो.

२००९ ते २०१२ या काळात 'गायडिंग लाइट', 'ॲज द वर्ल्ड टर्न्स', 'ऑल माय चिल्ड्रन' आणि 'वन लाइफ टू लिव्ह' या चार जुन्या मालिकांचे दूरचित्रवाणीवरील प्रसारण थांबले. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्‌ज' सप्टेंबर २०२२ पासून पीकॉक या इंटरनेट सेवेवर गेली. मालिकांची संख्या घटल्याने विनोदी पात्रांना वर्षानुवर्षे वाढू देणारी जागाही आकसली आहे. छोट्या मालिकेत विनोदी पात्र लिहिता येते, परंतु भडक आईची गावाची आजी होण्यास लागणारी तीस वर्षे तेथे उपलब्ध नसतात.